चिमणीची पेटी रिकामी आणि खाली धामण: टेकडीलगतच्या बागेसाठी सल्ला हवा

अंगणकर | ८ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

पुण्यात बावधनला टेकडीच्या बाजूला तळमजला आणि मागे साधारण ३० बाय १८ फुटांची बाग आहे. कुंपणाची भिंत साडेपाच फूट. भिंतीपलीकडे मोकळं रान, गवत आणि थोडा राडारोडा.

पश्चिमेच्या भिंतीवर सहा फूट उंचीवर चिमण्यांसाठी दोन तयार पेट्या लावल्या आहेत. प्लाय ६ मिमी, बाहेरून पिवळा ऑइलपेंट, भोक ४५ मिमी, भोकाखाली बसायला दांडी. पेट्यांच्या खालीच दाण्यांचं ताट. ताटावर चिमण्या येतात, पण तीन महिन्यांत पेटीत एकही गेली नाही. एका पेटीपाशी साळुंक्या घुटमळतात. रविवारी ताटाखालच्या विटांमध्ये पाच-सहा फुटी साप दिसला. शेजारचे म्हणतात, धामण.

पेटीत काय चुकलंय? आणि पेटी ठेवायची म्हटलं की साप येणारच, असं काही आहे का?

---

रंधापटाशी | ८ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

अंगणकर, या पेटीत चार चुका आहेत. ४५ मिमी भोक म्हणजे साळुंकीला आमंत्रण. चिमणीला ३२ मिमी, म्हणजे सव्वा इंच पुरतं आणि त्यातून साळुंकी शिरत नाही. चिमणी भोकाच्या कडेला नखं रोवून सरळ आत जाते, तेव्हा दांडीचा तिला उपयोग नाही. कावळ्याला मात्र दांडीवर उभं राहून आत चोच घालता येते. ६ मिमीचा प्लाय पश्चिमेच्या उन्हात भट्टीसारखा तापतो. आणि ऑइलपेंटमुळे लाकडाचा श्वास बंद होतो, आतली वाफ बाहेर पडत नाही.

नवी पेटी घरीच करा. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात १५० मिमी रुंद, १८ मिमी जाड पाइनची फळी मिळते. सागवानाचे तुकडे मिळाले तर उत्तम. आंब्याचं लाकूड नको, भुंगा लवकर लागतो. एका पेटीला फळी १.२ मीटर, म्हणजे चार फूट. काप असे: पाठ ३२० मिमी, समोरची बाजू २१०, तळ १३० (रुंदी तासून ११४ करायची), आणि दोन कुशीच्या फळ्या १३० मिमी रुंद, त्यांची उंची मागे २४० आणि पुढे २१०. म्हणजे छपराला उतार आपोआप मिळतो. छप्पर वेगळं, २०० बाय २२० मिमी, १२ मिमीच्या बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचं. त्याच्या उघड्या कडांना तेल नीट पाजा, प्लाय कडेतूनच पाणी पितो.

भोकाचा मध्य समोरच्या फळीच्या खालच्या कडेपासून १६० मिमीवर. ३२ मिमीचं होल कटर ड्रिलला लावायचं, पलीकडे टाकाऊ लाकूड दाबून धरायचं, नाहीतर बाहेर पडताना लाकडाच्या कपच्या उडतात. भोकाची कड आतून-बाहेरून पॉलिश पेपरने गुळगुळीत करा.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट. समोरच्या फळीला आतल्या बाजूने, भोकाच्या खाली, करवतीने २-३ मिमी खोल आडव्या रेघा मारा, दर १० मिमीला एक. पिल्लांना पहिल्यांदा बाहेर यायचं असतं तेव्हा पाय अडकवायला हाच जिना. रंधा मारलेल्या गुळगुळीत लाकडावर त्यांची नखं घसरतात.

तळाची फळी कुशींच्या खालच्या कडेपेक्षा ६ मिमी वर बसवा, म्हणजे पावसाचं पाणी फिरून तळाखाली येत नाही. तळाचे चारही कोपरे १० मिमी तिरके कापले की निचरा झाला. हवेसाठी दोन्ही कुशींना छपराखाली ८ मिमीची दोन-दोन भोकं.

एक कूस उघडणारी ठेवा. वरच्या बाजूला पुढून एक आणि मागून एक असे दोन स्क्रू अगदी समान उंचीवर, तीच बिजागरी. खाली एक स्क्रू कुलपासारखा. स्क्रूंची उंची चुकली तर फळी अडकते. उघडणाऱ्या फळीची वरची कड थोडी गोल तासा, नाहीतर छपराला घासते. स्क्रू स्टेनलेसचे, ८ नंबर, दीड इंची. आधी ३ मिमीचं भोक पाडून घ्या, पाइन फार पटकन फुटतं. खिळे नकोत, दोन पावसाळ्यांत सैल होतात. बाहेरून जवसाचं तेल दोन हात, दोन आठवडे सावलीत वाळवणं. आतून काहीही लावायचं नाही.

---

पाखरवाट | ८ फेब्रुवारी, दुपारी १:२०

रंधापटाशींनी पेटी दिली, मी जागा देते.

पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, उन्हाळ्यात दुपारचं ऊनही पश्चिमेचं. म्हणून तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. उंची आठ ते बारा फूट, शक्यतो छज्जाच्या खाली. पेटी तारेने लोंबती ठेवू नका. झुलणाऱ्या पेटीत चिमणी घर करत नाही. पाठीच्या फळीला वर-खाली दोन स्क्रू, भिंतीत फिशर (स्क्रू पकडणारी प्लास्टिकची खुंटी). चिमण्या घोळक्याने राहतात, त्यामुळे एकाच छज्जाखाली तीन-चार फुटांवर दोन-तीन पेट्या चालतात. दयाळाचं वेगळं. त्याला हद्द लागते, एका बागेत एकच पेटी, भोक ५० मिमी, वेलाच्या आडोशाला. त्या भोकासाठी साळुंकी भांडणार हे धरून चाला.

पेटीत गवत, कापूस, काथ्या आधीच भरून ठेवू नका. घरटं लावणं हा नर-मादीच्या जोडी जमण्याचाच भाग आहे, भरलेली पेटी त्यांना कुणीतरी घेतलेली वाटते. काथ्या आणि वाळलं गवत बागेत एका टोपलीत ठेवा, हवं तर नेतील. नायलॉनचा दोरा किंवा मांजाचे तुकडे मात्र शोधून उचला. पिल्लांच्या पायांना वेढे बसतात आणि पाय गळून पडतो.

दाण्यांचं ताट आणि पेटी यांत निदान २० फूट अंतर हवं. ताटावर दिवसभर कावळे, पारवे, खारी येणार. अशा वर्दळीच्या वरच कोण अंडी घालेल?

आणि मोठा चिमणा दाणे खातो, पण पिल्लांना अळ्या, नाकतोडे, मावा असं मऊ खाणं लागतं. बागेत औषध फवारत असाल तर पेटी कितीही चांगली असो, पिल्लं जगणार नाहीत. कुंपणाला मेंदी, जास्वंद, तगर, कढीपत्ता असं दाट काहीतरी लावा. कढीपत्त्यावरची अळी टिपून काढू नका, तीच पिल्लांची शिदोरी.

बुलबुल, शिंपी, शिंजीर, होला यांच्यासाठी पेटी करू नका. ते पेटीत जातच नाहीत. तांबट वाळक्या फांदीत स्वतः ढोली कोरतो, त्याच्यासाठी झाडाची मेलेली फांदी जागेवर राहू देणं हीच पेटी.

---

मृद्गंध | ८ फेब्रुवारी, दुपारी ४:०५

सापाचं उत्तर पेटीत नाही, ताटात आहे.

ताटाखालची जमीन एकदा सकाळी वाकून बघा. बाजरीचा कोंडा, फुटलेली कणी, आणि त्यात मिरीएवढ्या लांबट काळ्या लेंड्या. चिमणी दाणा सोलताना बराच खाली सांडते. रात्री त्यावर उंदीर-घुशी येतात आणि उंदरांमागे धामण. विटांचा ढीग दोघांनाही राहायला सोयीचा. पेटी काढून टाकली आणि ताट तसंच ठेवलं तरी धामण येत राहील. उलट ताट सुधारलं तर पेटी खुशाल ठेवा.

दाणे रोज सकाळी एक मूठ, बाजरी किंवा कणी. दहा-साडेदहाला उरलेलं उचला. ताटाखाली तीन इंच काठाचं दुसरं रुंद ताट ठेवा, सांडलेलं त्यात पडेल. ते रोज झाडायचं, शनिवारी-रविवारी नव्हे. संध्याकाळी जमिनीवर एकही दाणा नको. पोळी, फरसाण, मिठाचा भात नको. पारव्यांचा थवा जमायला लागला तर दाणे पंधरा दिवस पूर्ण बंद. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक आहे, झाडण्याआधी पाणी शिंपडून मास्क लावा.

खरं तर दाण्यांपेक्षा पाणी महत्त्वाचं. उथळ मातीची परात, पाणी दीड इंच, मध्ये खडबडीत दगड. रोज ओतून घासायची, कारण आठवडाभर साचलेल्या पाण्यात एडिस डास होतो. शेजारी दोन फूट कोरडी माती मोकळी ठेवा, चिमण्यांना धुळीत लोळायला लागतं.

---

अंगणकर | ८ फेब्रुवारी, रात्री ९:३०

लेंड्या आहेत, बरोबर. उंदरांसाठी औषधाच्या वड्या आणि चिकट पाट्या आणून ठेवल्या आहेत. लावू का? आणि ती धामणच होती हे नक्की कसं ओळखायचं?

---

सर्पनोंद | ८ फेब्रुवारी, रात्री १०:५०

दोन्ही लावू नका. ब्रोमाडिओलोन (अशा वड्यांमधलं विष) खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो, आणि तो पिंगळ्याने किंवा गव्हाणी घुबडाने उचलला की विष त्यांच्या पोटात. चिकट पाटीवर पाल, सरडा, चिमणी, कवड्या साप सगळेच अडकतात. अडकलेल्या प्राण्याला ओढू नका, खायचं तेल कडेकडेने सोडलं की गोंद सुटतो. साप अडकला असेल तर हात न लावता सर्पमित्राला बोलवा. उंदरांसाठी स्प्रिंगचा सापळा, भिंतीला लागून, पक्षी शिरणार नाहीत अशा पेटीखाली झाकून, फक्त रात्री.

आता ओळख. धामण लांब, सडपातळ, डोळे मोठे, बुबुळ गोल, ओठांवरच्या खवल्यांच्या सांध्यांवर काळ्या उभ्या रेघा. दिवसा फिरते, माणूस दिसला की सुसाट पळते. बिनविषारी. नागाला फणा असतो, पण तो फणा काढेलच असं नाही, म्हणून फणा दिसला नाही म्हणजे धामण असा निष्कर्ष काढू नका. घोणस जाड, आखूड, पाठीवर साखळीसारखे लंबगोल ठिपके, आणि शिटीसारखा मोठा फुत्कार. फुरसं त्याहून लहान, खडकाळ माळावर.

सर्वात जास्त घोळ मण्यार आणि कवड्यात होतो. मण्यार निळसर काळी, चकचकीत. पांढरे पट्टे बारीक आणि बहुधा जोडीने, मानेजवळ पुसट किंवा नसलेले आणि शेपटीकडे ठळक. कवड्या तपकिरी, पट्टे मानेपासूनच ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. फोटोत पाठीच्या मधोमध षट्कोनी मोठ्या खवल्यांची ओळ दिसली तर मण्यार. ही ओळख दहा फुटांवरून काढलेल्या फोटोसाठी आहे, जवळ जाऊन मोजण्यासाठी नाही. शंका असेल तर साप विषारीच धरा.

साप बागेत असेल तर जाऊ द्या. घरात असेल तर त्या खोलीचं दार लावून फटीत ओला टॉवेल कोंबा, एकाने लांबून नजर ठेवा, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. अग्निशमन दलाचा १०१ आहेच. फिनेल, डांबरगोळ्या, लसूण यांनी साप थांबत नाही. कार्बोलिक ॲसिडने तुमचीच कातडी भाजते. उपयोग होतो तो दाराखालच्या ब्रश पट्टीचा, मोरीच्या जाळीचा, आणि भिंतीतली निचऱ्याची भोकं ६ मिमीच्या वेल्ड मेशने (तारेच्या जाळीने) बंद करण्याचा. विटा जमिनीवर रचू नका, लोखंडी घोडीवर एक फूट वर ठेवा. भाज्यांवर पसरलेली नायलॉनची बारीक जाळी गुंडाळून ठेवा, धामणी त्यात अडकून उन्हात मरतात.

दंश झालाच तर: माणसाला आडवं झोपवा, अंगठ्या-बांगड्या काढा, दंशाचा हात-पाय फळीला बांधून हलू देऊ नका, आणि १०८. आवळून दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही. मण्यारीचा दंश कित्येकदा दुखतही नाही, सूजही नसते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, तेव्हा वेळ घालवू नका. प्रतिसर्पविष हेच औषध. ससून रुग्णालयात जा किंवा जिथे ते असल्याची फोनवर खात्री झाली त्या दवाखान्यात. आधी कुठेही उतारा नको.

---

रंधापटाशी | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

सर्पनोंद, धामण पेटीपर्यंत चढते हेही सांगायला हवं. खडबडीत गिलावा, वेल, पावसाच्या पाण्याचा पाइप, तिला काहीही चालतं. म्हणून पेटीच्या दोन्ही बाजूंना तीन फुटांत वेल आणि पाइप नको.

भिंत तशी मिळत नसेल तर खांब. एक इंची जीआय पाइप दहा फुटी, दोन फूट काँक्रीटमध्ये. पेटीच्या तळाखाली पत्र्याचं नळकांडं, आठ इंच व्यास, ३६ इंच लांब, वरून पत्र्याने बंद, मध्ये पाइपपुरतं भोक. ते घट्ट न बसवता पाइपवर एका क्लॅम्पवर सैल टेकवायचं. चढणारा साप किंवा मांजर आत शिरतं, वर बंद मिळतं, बाहेरून चढावं तर नळकांडं डोलतं. बाहेरच्या पुस्तकांत २४ इंच लिहिलेलं असतं, पण आपल्याकडची धामण लांब, म्हणून ३६. सर्वात जवळची फांदी सात-आठ फुटांवर हवी. खांबाला ग्रीस चोपडू नका, ते पक्ष्यांच्या पिसांना लागतं.

---

घडाभरपाणी | ९ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

एवढी सुतारकी नको असेल तर मातीच्या मडक्याला भोक पाडून टांगलं तरी चालतं ना? खूप ठिकाणी दिसतात.

---

पाखरवाट | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

चिमण्या मडक्यात जातात, हे खरं. पण मडकं उघडून साफ करता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या विणीच्या वेळी आत गोचीड-पिसवांचा थर असतो. टांगलेलं असलं तर झुलतं आणि भिंतीवर आपटून फुटतं. करायचंच तर तोंडाला सुटी लाकडी चकती बसवा, ३२ मिमी भोक त्या चकतीला, मडकं आडवं छज्जाखाली कोनाड्यात घट्ट, आणि तळाच्या बाजूला ६ मिमीची तीन भोकं. बुटांचे खोके मात्र नकोतच, पहिल्या वळवाच्या पावसात लगदा होतो.

---

माळरान | ९ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

टेकडीलगत राहता म्हणून मोठ्या प्राण्यांचंही लिहितो.

मुंगूस, घोरपड, मोर, उदमांजर हे तुमचे शेजारीच. काही करायचं नाही. मुंगसाला फक्त कोंबड्यांची खुराडी १२ मिमी वेल्ड मेशने बंद हवीत. उदमांजर रात्रीचं, झाडाझाडाने येतं, पिकलेली पपई-चिकू खातं. कौलांत किंवा फॉल्स सीलिंगवर शिरलं तर घाई नको. अंधार पडल्यावर ते बाहेर पडतं. ज्या वाटेने जातं तिथे पीठ भुरभुरून पावलं बघा, दोन रात्री नुसती बाहेर जाणारी-येणारी वाट पक्की करा, आत पिल्लं नाहीत याची खात्री करा आणि मग ते बाहेर असताना भोक जाळीने बंद करा. पिल्लं आत कोंडली गेली तर आई छप्पर उचकटते.

बिबट्या टेकडीलगत येतो तो कुत्र्यांसाठी आणि कचऱ्यावर वाढणाऱ्या डुकरांसाठी. जुन्नरच्या उसात तो पिढ्यान्‌पिढ्या राहतोय, शहराच्या कडेला त्याला तेच खाणं मिळतं. रात्री कुत्रा साखळीने अंगणात बांधणं म्हणजे चारा बांधणं. कुत्रा घरात किंवा वरून बंद असलेल्या पिंजऱ्यात. ओला कचरा झाकणाच्या डब्यात. कुंपणाबाहेर पंधरा फूट गवत कापलेलं. अंधारात लहान मूल एकटं नको, आणि मोठ्यांनीही अंगणात वाकून काम करू नये, वाकलेला माणूस त्याला जनावराएवढा दिसतो. समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नका, उभे राहा, हात वर करून मोठ्याने बोलत मागे सरका. मग १९२६ किंवा ११२.

आणि गर्दी करू नका. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा आला होता. मागे माणसांचा लोंढा, पळापळ, आरडाओरडा, आणि शेवटी पकडल्यावर तो दगावला. एवढ्या जनावराला मोकळी वाट आणि शांतता मिळाली असती तर ते आल्या वाटेने परत जाऊ शकलं असतं. सोसायटीच्या ग्रुपवर ठिकाण टाकून लोकांना बोलावू नका. फाटक उघडं ठेवा, दिवे शांत, माणसं घरात.

---

सातेरी | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२०

एक भर. पिंगळ्यासाठी मोठी पेटी (आत २०० बाय २०० मिमी, उंची ४००, भोक ७५) लावलीत तर सातेरी मधमाश्या शिरू शकतात, त्यांना अंधारी पोकळीच हवी असते. धूर करू नका, रॉकेल तर नकोच. सातेरी पेटीत पाळता येते. गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत विचारा, वसाहत हलवणारे जाणकार तिथून कळतात. छज्जाला लटकलेलं मोठं उघडं पोळं म्हणजे आग्या, त्याच्या पन्नास फुटांत पेटी लावायचं काम काढू नका, ड्रिलच्या थरथरीने माश्या उठतात.

---

पाखरवाट | ९ फेब्रुवारी, रात्री ८:००

खाली पडलेल्या पिल्लांबद्दल, कारण मार्चपासून हाच प्रश्न येईल. अंगावर पिसं, आखूड शेपूट, टुणटुण उड्या मारतं ते उडायला शिकणारं पिल्लू. त्याला उचलून घरात आणू नका. मांजर असेल तर फक्त जवळच्या झुडपात ठेवा, आई-बाप तिथे भरवतात. उघडं, डोळे मिटलेलं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकते हे खरं नाही. चोचीत पाणी किंवा दूध घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात सुती कापडावर, अंधारात, आणि १९२६.

चिमणी ११ ते १४ दिवस अंडी उबवते, पिल्लं आणखी साधारण पंधरा दिवसांत उडतात. विणीनंतर पेटी आठवडाभर रिकामी दिसली की जुनं घरटं काढा, उकळतं पाणी ओता, उन्हात वाळवा. कीटकनाशक पावडर नको.

---

अंगणकर | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

ताट हलवलं, विटा घोडीवर गेल्या, फळी आणली. जुन्या पेट्या काढायला शिडी लावली तर एकीत साळुंकीची चार निळी अंडी आहेत. पेटी पश्चिमेला, पातळ प्लायची. काढून पूर्वेला लावू?

---

सर्पनोंद | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

हलवू नका. अंडी असलेल्या घरट्याला धक्का लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येतच येतं. शिवाय हलवलं तर साळुंकी परत येईलच असं नाही.

---

रंधापटाशी | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

उन्हाचा उपाय जागेवरच करा. छपरावर अर्धा इंच जाडीच्या दोन पट्ट्या, त्यांवर दुसरी फळी चार इंच पुढे आलेली. दोन छपरांमधून हवा खेळली की आतली पेटी कमी तापते. ड्रिल किंवा हातोडी नको, पट्ट्या आणि फळी खाली जुळवून घ्या, वर नेऊन तारेने बांधा, साळुंकी खायला गेली असेल तेव्हा पाच मिनिटांत. उबवणीचे १७-१८ दिवस आणि पिल्लांचे तीन-साडेतीन आठवडे धरले तर मार्चअखेर पेटी रिकामी होईल. नव्या पेट्या तोवर पूर्वेच्या छज्जाखाली लावून टाका, चिमण्या थांबायच्या नाहीत.

---

अंगणकर | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:४२

फळी कापायला घेतो. आडव्या रेघा विसरणार नाही.